जर्मन व्यावसायिक फुटबॉलमधील स्पर्धात्मक समतोल : बुंडेसलिगाचा ऐतिहासिक अभ्यास (१९६३ ते २०२५)

प्रस्तावना

मराठी इतिहासलेखनात क्रीडा हा विषय फारसा हाताळला गेलेला नाही, आणि जेथे हाताळला गेला तेथे तो बहुधा खेळाडूंच्या चरित्रांपुरता राहिला. वस्तुतः व्यावसायिक खेळाची संघटना ही एक आर्थिक संस्थाच आहे, पण काहीशी विलक्षण. सर्वसाधारण उद्योगात प्रतिस्पर्धी नामोहरम झाला तर उद्योजकाचा लाभ होतो. खेळात मात्र प्रतिस्पर्ध्याचा पूर्ण पाडाव झाला की विकण्याजोगा मालच उरत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये हा विरोधाभास मांडताना मुष्टियोद्धा जो लुई आणि त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी मॅक्स श्मेलिंग यांचे उदाहरण घेतले. श्मेलिंग दुबळा असता तर लुईची कमाईही घटली असती, हा त्यामागील आशय. त्याआधी १९५६ मध्ये सायमन रॉटेनबर्ग यांनी बेसबॉलमधील श्रमबाजाराचा अभ्यास करताना, निकालाची अनिश्चितता हीच प्रेक्षकांना मैदानाकडे खेचते, असे गृहीतक मांडले होते. या चर्चेतून पुढे ‘स्पर्धात्मक समतोल’ ही संज्ञा रूढ झाली.

प्रस्तुत लेखात ही संज्ञा जर्मनीच्या बुंडेसलिगाला लावून पाहिली आहे. या लीगची उभारणी क्लबांमध्ये समानता राखण्याच्या नियमांवर झाली. आजही तेथील बहुतेक क्लबांवर सभासदांचे नियंत्रण आहे. तरीही २०१३ ते २०२३ या काळात सलग ११ विजेतेपदे एकाच क्लबने पटकावली. समतेच्या हेतूने रचलेल्या व्यवस्थेतून मक्तेदारी कशी उद्भवली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

स्थापना आणि नियंत्रित समता

जर्मन फुटबॉल महासंघाची स्थापना १९०० मध्ये लाइपझिग येथे झाली असली, तरी देशव्यापी लीग सुरू होण्यास ६३ वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत पाच प्रादेशिक लीग चालत व त्यांतील अग्रणी संघ अखेरीस राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजत. याच व्यवस्थेतील खेळाडूंनी १९५४ चा विश्वचषक जिंकला होता. त्यामुळे बदलाची निकड अनेकांना पटत नव्हती. परंतु इटलीतील क्लब जर्मन खेळाडूंना भरघोस मोबदला देऊन नेऊ लागले आणि १९६२ च्या विश्वचषकात संघ उपांत्यपूर्व फेरीतच युगोस्लाव्हियाकडून पराभूत झाला. त्यानंतर कोलोनचे अध्यक्ष फ्रान्झ क्रेमर व सारलँडचे हेर्मान नॉयबर्गर यांच्या आग्रहाला बळ मिळाले. २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंड येथील अधिवेशनात १०३ विरुद्ध २६ मतांनी बुंडेसलिगाचा ठराव संमत झाला.

अर्ज ४६ क्लबांचे आले. निवड १६ ची झाली. नाकारलेल्यांत बायर्न म्युनिक होता. एका शहरातून शक्यतो एकच क्लब घ्यावा असे धोरण होते आणि त्या वर्षी दक्षिण विभागाचे विजेतेपद त्याच शहरातील १८६० म्युनिकने मिळवले होते. पुढे ज्या क्लबने लीग व्यापून टाकली, त्याला पहिल्या दिवशी दारातच थांबवण्यात आले होते, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. वर्चस्व हे त्या क्लबला जन्मतः मिळालेले नव्हते.

आरंभीच्या नियमांनुसार खेळाडूचे मासिक उत्पन्न बक्षिसांसह सर्वसाधारणपणे १२०० मार्क आणि हस्तांतरणाची रक्कम ५० हजार मार्क इतकी मर्यादित होती. नामवंत खेळाडूंसाठी काही सवलती असल्या तरी श्रीमंत क्लबाने सारे गुणवंत गोळा करू नयेत, हा हेतू स्पष्ट होता. आणि काही काळ तो साधलाही. १९६४ ते १९७० या सात हंगामांत कोलोन, वेर्डर ब्रेमेन, १८६० म्युनिक, आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग, न्यूर्नबर्ग, बायर्न आणि म्योन्शेनग्लाडबाख असे सात वेगवेगळे विजेते झाले.

मात्र या समतेची एक छुपी बाजूही होती. बर्लिनच्या हेर्था क्लबने मर्यादेपेक्षा अधिक रकमा दिल्याचे उघड झाल्यावर १९६५ मध्ये त्याला लीगमधून काढण्यात आले. भिंतीने वेढलेल्या शहरात जादा पैशांशिवाय खेळाडू येतच नाहीत, ही त्या क्लबची अडचण खोटी नव्हती. पण बर्लिनचे प्रतिनिधित्व तर राजकीयदृष्ट्या अपरिहार्य. म्हणून तास्मानिया बर्लिन हा क्लब, फारशी तयारी नसताना, लीगमध्ये आणला गेला. त्याच वेळी लीगची संख्या १८ झाली. तास्मानियाने ३४ सामन्यांत दोन विजय मिळवले, २८ पराभव पत्करले, १५ गोल केले आणि १०८ गोल स्वीकारले. पहिल्या सामन्यास ८० हजारांवर प्रेक्षक होते. जानेवारी १९६६ मध्ये ग्लाडबाखविरुद्ध अवघे ८२७. रॉटेनबर्ग यांच्या गृहीतकाला याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

समतोलाचे मापन

विजेतेपदांचे केंद्रीकरण मोजण्यासाठी उद्योग-अर्थशास्त्रातील हर्फिंडाल निर्देशांक उपयोगी पडतो. प्रत्येक क्लबच्या विजेतेपदांतील वाट्याचा वर्ग करून बेरीज केली की हा अंक मिळतो. दहा हंगामांत दहा वेगळे विजेते असतील तर तो ०.१०, आणि एकच असेल तर १.०० येतो. प्रस्तुत लेखकाने दहा-दहा हंगामांचे गट पाडून केलेली आकडेमोड अशी : १९६४-७३ या गटात सात विजेते व निर्देशांक ०.१८, १९७४-८३ मध्ये चार विजेते, ०.२८, १९८४-९३ मध्ये पुन्हा चार, पण ०.३४, १९९४-२००३ मध्ये तीन, ०.४६, २००४-१३ मध्ये पाच विजेते व ०.३२; आणि २०१४-२३ मध्ये एकच विजेता, म्हणजे १.००.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. एक, केंद्रीकरण अचानक आले नाही. ते चार दशके पायरीपायरीने वाढत होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. २००४-१३ या गटात वेर्डर, स्टुटगार्ट, वोल्फ्सबर्ग आणि दोनदा डॉर्टमुंड यांनी विजेतेपद मिळवल्याने आलेख खाली आला होता. म्हणजे मक्तेदारी ही अटळ नियती होती, असे मानण्यास आधार नाही.

केंद्रीकरणाची कारणे

जून १९७१ मध्ये ऑफेनबाख क्लबचे अध्यक्ष कानेलास यांनी स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी पाहुण्यांना एक ध्वनिफीत ऐकवली. पदावनती टाळण्यासाठी सामने विकले जात असल्याचा तो पुरावा होता. चौकशीत ५० हून अधिक खेळाडू दोषी ठरले. अधिकृत वेतन कमी व खालच्या श्रेणीत जाण्याचे नुकसान प्रचंड, ही विसंगती लाचखोरीस पोषक ठरली होती. या प्रकरणानंतर वेतनावरील बंधने टिकली नाहीत. बंधने सैल होताच क्लबांच्या उत्पन्नातील तफावत संघांच्या बळात उतरू लागली.

नेमक्या याच वेळी म्युनिकमध्ये ऑलिंपिकसाठी पाऊण लाखाहून अधिक क्षमतेचे मैदान उभे राहिले. २८ जून १९७२ रोजी बायर्नने तेथील आपल्या पहिल्याच लीग सामन्यात शाल्कला ५-१ असे हरवून विजेतेपद निश्चित केले. त्या हंगामात संघाचे १०१ गोल झाले, त्यांपैकी ४० एकट्या गेर्ड म्युलरचे. समकालीन ग्लाडबाखचा संघ खेळाच्या दर्जात तसूभरही कमी नव्हता. १९७० ते १९७७ या काळात त्यानेही पाच विजेतेपदे मिळवली. परंतु त्याचे मैदान सुमारे ३४ हजारांचे होते. तिकिटांचे उत्पन्न प्रामुख्याने यजमानाकडे जात असल्याने हा फरक वर्षागणिक साचत गेला आणि नेत्झरसारखा खेळाडू १९७३ मध्ये माद्रिदला गेला. ग्लाडबाखला १९७७ नंतर पुन्हा विजेतेपद मिळालेले नाही. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या मैदानाचा असा दूरगामी परिणाम चर्चेत सहसा दुर्लक्षित राहतो.

पुढची कारणे सुपरिचित असल्याने त्यांचा विस्तार करण्याची गरज नाही. १९९२ नंतर चॅम्पियन्स लीगचे वाढते उत्पन्न ठरावीक क्लबांकडे वारंवार जाऊ लागले. डिसेंबर १९९५ च्या बोस्मान निकालाने करार संपलेला खेळाडू मोबदल्याविना दुसरीकडे जाऊ शकू लागला. देशांतर्गत दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचे वाटप सामुदायिक राहिले, तरी त्यात मागील कामगिरीला वजन होते. प्रतिस्पर्ध्याचा कणा काढून घेण्याची रीतही याच काळात दृढ झाली. २००२ मध्ये लेव्हरकुसेनचा संघ लीग, देशी चषक व चॅम्पियन्स लीग या तिन्हींत उपविजेता ठरला आणि लगेच बालाक व झे रोबेर्तो बायर्नकडे गेले. डॉर्टमुंडमधून २०१३ मध्ये ग्योत्झे, २०१४ मध्ये लेवांडोव्स्की व २०१६ मध्ये हुमेल्स यांनी तीच वाट धरली.

संघाचा सूर : अपवाद आणि पडझड

केवळ विजेत्यांची यादी पाहिली तर लीगचे अर्धेच चित्र दिसते. न्यूर्नबर्गने १९६८ मध्ये आपले नववे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. प्रशिक्षक माक्स मेर्केल यांनी यशस्वी संघातील अनेकांना जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी हा विजेता खालच्या श्रेणीत घसरला. बुंडेसलिगाच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण नाही. याउलट कायझर्सलाउटर्न १९९६ मध्ये घसरला, १९९७ मध्ये परतला आणि १९९८ मध्ये थेट विजेता झाला. त्याचे प्रशिक्षक ओटो रेहागेल यांना दोन वर्षांपूर्वी बायर्नने दूर केले होते.

बायर्नच्या मक्तेदारीच्या काळातही उरलेल्या संघांची उलथापालथ थांबली नव्हती. डॉर्टमुंड २०१४-१५ च्या मध्यंतरात सतराव्या स्थानी होता, अखेरीस सातवा आला. शाल्क २०१८ मध्ये उपविजेता होता; नंतर सूर असा हरपला की सलग ३० लीग सामन्यांत विजय नाही. तास्मानियाचा ३१ सामन्यांचा नकोसा विक्रम एका सामन्याने वाचला आणि २०२१ मध्ये शाल्क घसरला. म्हणूनच की काय, २०१० च्या दशकात सामन्यामागे सरासरी ४० हजारांहून अधिक प्रेक्षक येत राहिले. विजेता ठरलेला असूनही मैदाने ओस पडली नाहीत. रॉटेनबर्ग यांचे गृहीतक येथे अपुरे पडते. स्वस्त तिकिटे, उभ्याने सामना पाहण्याच्या जागा आणि क्लबशी असलेले सभासदत्वाचे नाते यांचा विचार त्यात नाही.

जाता जाता एक तुलना. पूर्व जर्मनीत बीएफसी डायनामो या बर्लिनच्या क्लबने १९७९ ते १९८८ अशी सलग दहा विजेतेपदे मिळवली. राज्य सुरक्षा मंत्री एरिश मिल्के त्याचे आश्रयदाते होते आणि पंचांच्या निर्णयांविषयी लोकांत उघड संताप होता. बायर्नने तो विक्रम मोडला तो बाजाराच्या नियमांत राहून. दोहोंना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे ठरेल; निर्देशांक मात्र दोन्हीकडे १.०० च दाखवतो. आकड्यांची मर्यादा ती हीच.

सभासदांचे नियंत्रण आणि समतोल

ऑक्टोबर १९९८ मध्ये क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीच्या स्वरूपात चालवण्याची मुभा मिळाली, पण बहुमत मूळ सभासद-संस्थेकडेच राहील अशी अट घातली गेली. हाच ‘पन्नास अधिक एक’ नियम. वीस वर्षांहून अधिक काळ पाठबळ देणाऱ्यांना अपवाद ठेवला गेला, आणि बायर कंपनीचा लेव्हरकुसेन व फोक्सवागेनचा वोल्फ्सबर्ग त्यात बसले. टीकाकारांच्या मते या नियमाने इतर क्लबांना भांडवल मिळाले नाही आणि बायर्नचे स्थान अढळ झाले. हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. बायर्न स्वतः सभासदांच्या नियंत्रणाखालीच आहे. त्याने सुमारे २५ टक्के भाग तीन कंपन्यांना दिला, तोही नियमाच्या चौकटीत. त्याची सरशी ऐन वेळी साचलेल्या उत्पन्नाची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून बाहेरील गुंतवणूकदाराची योजना हाणून पाडली, तेव्हा समतोलापेक्षा नियंत्रणाला त्यांनी अधिक मोल दिले, असे म्हणावे लागते.

तरीही एक अवघड वस्तुस्थिती उरते. २७ मे २०२३ रोजी डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर केवळ विजय हवा होता. माइन्झविरुद्ध सामना २-२ असा सुटला आणि ७१ गुणांवर बरोबरी होऊन बायर्नने गोलफरकाने अकरावे सलग विजेतेपद घेतले. साखळी तुटली ती पुढल्या वर्षी. ऑक्टोबर २०२२ मध्ये तळाशी असताना शाबी आलोन्सो यांच्याकडे सोपवलेला लेव्हरकुसेन २०२३-२४ मध्ये २८ विजय व सहा बरोबरी अशा अपराजित कामगिरीने, ९० गुणांसह विजेता झाला. सभासदांचा स्टुटगार्ट दुसरा आला, बायर्न तिसरा. २०२५ मध्ये बायर्न पुन्हा विजेता ठरला. गेल्या दोन दशकांत बायर्न व डॉर्टमुंड यांखेरीज विजेते झालेले क्लब तीनच : २००७ चा स्टुटगार्ट, २००९ चा वोल्फ्सबर्ग आणि २०२४ चा लेव्हरकुसेन. यांपैकी दोन औद्योगिक कंपन्यांच्या मालकीचे, नियमाला अपवाद असलेले. जर्मनीच्या स्पर्धा-आयोगाने २०२१ मध्ये नियमाचा हेतू ग्राह्य मानून शंका घेतली होती ती नेमकी या अपवादांविषयीच.