साखर न मिळालेली दिवाळी

माझ्या आजीला सालं लक्षात राहत नसत, फराळ लक्षात राहत. थोरल्या आत्याचा जन्म कधीचा, असं विचारलं की ती म्हणे, "करंज्यांना साखर मिळाली नव्हती ना, त्या दिवाळीनंतरच्या शिमग्यातला." मुंबईत रेशनिंग १९४३ साली सुरू झालं. त्यावरून घरच्यांनी आत्याचं जन्मसाल १९४४ धरलं आणि पुढे तेच तिच्या कागदपत्रांवर लागलं.

आजी, आत्या आणि माझी आई या तिघींकडून मी दिवाळीच्या जेवढ्या हकिगती ऐकल्या, त्यांतल्या कोणत्याच दोन वर्षांचा फराळ सारखा नाही. लाडू, चिवडा, चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे अशी जी यादी आज आपण परंपरेची म्हणून मोजतो, ती आमच्या घरात हळूहळू गोळा झाली आहे. एकेक जिन्नस कोणत्या तरी अडचणीच्या, नाहीतर बरकतीच्या वर्षी दारातून आत आला आणि राहिला. फराळ कसा करायचा हे या बायकांनी मला शिकवलंच, पण तो त्या-त्या वर्षी तसा का झाला हेही सांगितलं. ते दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

आजीच्या माहेरी, वेंगुर्ले तालुक्यात, दिवाळी म्हणजे पोहे. नरक चतुर्दशीला तिकडे चावदिस म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नान झालं की अंगणात तुळशीपुढे कारीट ठेवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' ओरडायचं आणि त्याची कडू बी जिभेला लावायची. त्यानंतर पोहे. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, दूधपोहे, दहीपोहे, फोडणीचे तिखट पोहे. आधी आपल्या घरचे, मग वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन तिथले. आश्विनात भात कापून झालेलं असे, म्हणजे हे पोहे नव्या भाताचेच. भात भिजवायचं, निथळवायचं, तापल्या भांड्यात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात घालून कांडायचं. गार झालं की दाणा चपटा होत नाही, फुटतो. म्हणून एक बाई भाजणार आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळं घालणार, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. आजी सांगायची की दिवाळीच्या आधी आठ दिवस अख्ख्या वाडीत हाच आवाज असे, आणि कोणाच्या घरी किती भात आलं हे त्या आवाजावरून कळे.

चकली तिने पहिल्यांदा पाहिली ती लालबागच्या चाळीत. लग्न होऊन ती पंधराव्या वर्षी मुंबईत आली, तेव्हा आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागलेले होते. शेजारच्या खोल्यांत सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांकडची बिऱ्हाडं. त्या घाटावरच्या बायकांनी तिला भाजणी शिकवली, सोऱ्या धरायला शिकवला. तिने त्यांना ओल्या नारळाचं सारण शिकवलं. रेशनिंगच्या पहिल्या दिवाळीत साखर तुटपुंजी होती. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर नारळ आणि गूळ आला होता, म्हणून तिने गुळाचं सारण शिजवून करंज्या भरल्या. ओल्या सारणाची करंजी दोन दिवसांवर टिकत नाही. त्यामुळे ती टिकवण्याचा प्रश्नच आला नाही. मजल्यावर वाटून त्याच दिवशी संपली. आमच्याकडे आजही दिवाळीत पहिल्या दिवशी गुळाच्या ओल्या करंज्या होतात आणि कोरड्या खोबऱ्याच्या नंतर. नव्या सुनांना वाटतं, ही कोकणातली रीत. ही १९४३ ची रीत आहे.

तुपाचंही तसंच. डालडा बाजारात आला १९३७ साली, पण आजीच्या स्वयंपाकघरात तो खडखडाटाच्या वर्षांतच शिरला. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. साजूक तूप परवडत नव्हतं, म्हणून करंज्या डालड्यात तळायच्या. पुढे दिवस बरे आले, वडिलांनी एकदा हौसेने साजूक तूप आणलं, तेव्हा आजी नाराज झाली. करंजीला पापुद्रे सुटले नाहीत, खुसखुशीतपणा गेला, असं तिचं म्हणणं. तिच्या जिभेला डालडाच खरा होता. रिकाम्या डब्यात चकल्या राहत. तो गंजला की त्यात माती भरून गॅलरीत तुळस लावायची.

चाळीत फराळ एकट्याने करण्याची सोयच नव्हती. एका खोलीत आठ-दहा माणसं, एक स्टोव्ह, रॉकेलही मोजून मिळणारं. मग वार लावले जात. आज पहिल्या खोलीच्या करंज्या, उद्या दुसरीच्या. ज्या घरचं पीठ-सारण, त्या घरी सगळ्या जमायच्या. एक लाटणार, एक भरणार, एक कातण्याने कापून ओल्या फडक्याखाली ठेवणार आणि तळायला नेहमी तीच एक, जिचा हात आचेवर बसलेला असे. कढईचा क्रमही ठरलेला होता. आधी शंकरपाळे आणि करंज्या, मग शेव-चकली, कारण तिखटाचा वास तेलात राहतो. अनारसे सर्वांत शेवटी, वेगळ्या तुपात, कारण त्यांची खसखस खाली उतरते आणि जळते.

अनारशाविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण तिन्ही बायका त्या एका गोष्टीवर एकमताच्या होत्या. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचा आणि हाताला किंचित ओल लागत असतानाच कांडून बारीक चाळणीने चाळायचा. पूर्ण वाळला तर पीठ बांधलं जात नाही. वजनाइतका किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून घट्ट गोळा करून ठेवायचा. चार-पाच दिवसांत गूळ आणि ओल मुरतात. खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. जाळी पडली तर जिंकलं. गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो, कढईभर पसरतो. असा हसलेला अनारसा आजी मुलांना लगेच वाटीत द्यायची, आणि मुलं मनातून त्याचीच वाट बघत असायची.

हे सगळं सुरू कधी करायचं, ते मात्र गिरणीच्या बोनसवर अवलंबून असे. बोनस ही गिरणगावात फुकटची भेट नव्हती. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मालकांनी काही वर्षं बोनस दिला, १९२३ सालचा नाकारला, आणि १९२४ च्या सुरुवातीला कामगारांनी त्यासाठी मुंबईतल्या गिरण्या बंद पाडल्या. तो संप कामगार हरले. आजोबांनी त्याच्या गोष्टी आपल्याहून मोठ्या साचेवाल्यांकडून ऐकल्या होत्या आणि दिवाळीत ते त्या आम्हाला सांगत. बोनसचा कायदा झाला १९६५ साली. तोवर दर वर्षी भांडून, वाट बघून मिळवायचा. पैसे हातात पडले की त्याच संध्याकाळी चाळीतल्या बायका डाळ-तांदूळ घेऊन पिठाच्या गिरणीपुढे रांग लावत. आजोबा त्या दिवशी मुद्दाम उशिरा घरी येत, कारण खोलीत पाय ठेवायला जागा नसे, असं आत्या सांगते.

उशिरा येताना त्यांच्या हातात बांबू असे. कंदील हे त्यांचं काम. बांबू चिरून कामट्या काढायच्या, पात्याने तासून गुळगुळीत करायच्या, दोन त्रिकोण एकमेकांत अडकवून चांदणी बांधायची. बांधायला ओलं सूत, म्हणजे वाळताना गाठ आवळत जाते. दिवसभर साच्यावर तुटलेले धागे जोडणारे त्यांचे हात; कंदिलालाही ते तीच विणकराची गाठ मारत, फुगीर नाही, सरकत नाही, कागदाखालून दिसत नाही. मग पतंगाचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, झुरळं लागू नयेत म्हणून. कागद चिकटवल्यावर वरून पाण्याचा हलका शिपका दिला की तो वाळताना ताणून बसतो. खाली झिरमिळ्या. त्या कापण्याचं काम मुलींचं, कारण कात्री आत्याच्या ताब्यात होती. आतला दिवा आधी पणती, नंतर बल्ब. चाळीच्या कोपऱ्यात मुलांचा किल्ला: विटा, दगड, त्यांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि गोणपाटावर पेरलेले हळीव. चार-पाच दिवसांत किल्ला हिरवा होई. गोणपाट रेशनच्या दुकानातून मागून आणायचं, हे मुलांचं दिवाळीतलं पहिलं काम.

आईच्या आठवणी या सगळ्याहून वेगळ्या आहेत. ती माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती आणि सगळं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. रेशनवर लाल मिलो मिळे, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी चिरायची, घशाखाली उतरायची नाही. त्या दिवाळीत तिच्या आईने मिलोच्या पिठात गुळाचं पाणी घालून कापण्या केल्या. मिलोला चिकटपणा नाही, पोळी लाटताना तडकते. म्हणून तिने लाटण्याऐवजी परातीतच थापून सुरीने चौकोन कापले आणि तेल कमी म्हणून तव्यावर भाजले. मुलांनी ते खाल्ले. तेल नाही म्हणून दारात पणती एकच. कंदील कोणी केलाच नव्हता.

ही हकिगत आईने आम्हाला फार उशिरा सांगितली. लग्न होऊन गिरणगावात आल्यावर पहिल्या दिवाळीत भरलेल्या डब्यांकडे बघून ती गप्प झाली होती आणि सासूला वाटलं, सुनेला आमचा फराळ आवडला नाही. पुढे केव्हातरी खरं कळलं. तेव्हापासून आजी दर दिवाळीत थोड्या कापण्या करायला लावू लागली. गव्हाच्या, गुळाच्या, पण तव्यावर भाजलेल्या. माणदेशात कापण्या आषाढातल्या, तेलात तळलेल्या. दिवाळीतल्या भाजक्या कापण्या बहुधा फक्त आमच्याच घरी होत असतील, आणि मला त्या कुठल्याही लाडवापेक्षा मोठ्या वाटतात.

आता १९८२. त्या वेळी आजोबा निवृत्त झाले होते आणि वडील त्याच साचेखात्यात होते. आदल्या वर्षीच्या दिवाळी बोनसवरून सुरू झालेली धुसफूस वाढत गेली आणि १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दिवाळी आली तेव्हा पगार थांबून दहा महिने होत आले होते. कितीतरी बिऱ्हाडं गावी निघून गेली होती. आमच्या मजल्यावर एक बाई गिरणी कामगारांची खानावळ चालवत. अशा खानावळवाल्यांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, आणि मंडळाच्या मदतीने मिळालेल्या कर्जातून या बाईंनी मोठी कढई घेतली होती. संपात जेवायला येणारी माणसंच उरली नाहीत. कढई रिकामी होती. ती त्यांनी आजीपुढे आणून ठेवली.

आजी, आई आणि आत्या यांनी त्या वर्षी दादरच्या घरांतून चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. मी सात वर्षांचा होतो. खोलीत इतका फराळ मी कधीच पाहिला नव्हता आणि त्यातलं काही आमचं नव्हतं. मोडलेल्या चकल्या आमच्या. आत्या भावंडांना मोजून सारख्या वाटायची. वडिलांनी आजोबांकडून कामट्या तासायला शिकून घेतल्या आणि परळच्या फुटपाथवर कंदील विकायला बसले. आजोबा घरी बसून सांगाडे बांधत राहिले. जी गाठ त्यांनी हौसेसाठी मारली होती, तिच्यावर त्या महिन्यात चूल पेटली. ज्यांनी हे केलं त्यांच्या कष्टाला आपल्या शहराने पुरेसा मान दिला नाही, असं मला आजही वाटतं. गिरणगावातल्या संपावर लिहिताना पुढारी, मालक आणि जमिनी यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं. त्या वर्षी भाजणी भाजणाऱ्या बायकांविषयी फार थोडं.

आत्याने चकल्या पुढेही थांबवल्या नाहीत. गिऱ्हाइकं बांधली गेली, तिची दोन मुलं त्या पैशांवर शिकली. ज्या चकलीची आजीच्या माहेरी कोणाला ओळख नव्हती, ती आमच्या घरची झाली ती अशी.

आता माझी भाची पुण्यात असते. मागच्या दिवाळीआधी तिने आत्याला फोन केला आणि भाजणीचं प्रमाण ग्रॅममध्ये मागितलं. वाटी-चमच्यांची मापं देणारं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० सालचं. आत्याला तेही आपल्यापेक्षा नवं वाटतं. तिने वाट्यांतच सांगितलं आणि भाचीने लिहून घेतलं. तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, धने-जिरे. सगळं वेगवेगळं धुवायचं, सावलीत वाळवायचं, वेगवेगळं भाजायचं. हरभरा डाळ आतपर्यंत भाजली गेली पाहिजे, तिला घाई नको. गिरणीवाल्याला सांगायचं, गव्हावर दळू नको, डाळीवर दळ. मोहन कडकडीत, पण हात आखडता, कारण जास्त झालं तर चकली तेलात विरघळते. आणि पहिला घाणा एकाच चकलीचा.

भाचीने विचारलं, किती होतील? आत्या म्हणाली, शेजारी किती घरं आहेत ते आधी सांग.