नोकराच्या पैशातून उभे राहिलेले ग्रंथालय

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सी. व्ही. स्टार पूर्व आशियाई ग्रंथालय आहे. चिनी, जपानी, कोरियन, तिबेटी, मंगोलियन आणि मांचू भाषांतली लाखो पुस्तके तिथे आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाची गोष्ट सुरू होते ती एका घरगड्यापासून.

त्याचे नाव डीन लंग. होरेस कार्पेंटियर या श्रीमंत गृहस्थाकडे तो नोकरीला होता. 1901 साली त्याने विद्यापीठाला पत्र पाठवले आणि चिनी विद्येच्या अभ्यासासाठी 12,000 डॉलर दिले. ही त्याची आयुष्यभराची कमाई होती. सही करताना त्याने नावापुढे आपली ओळख लिहिली, 'एक चिनी माणूस'.

ही ओळख लिहिणे त्या काळी सोपे नव्हते. 1882च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले होते आणि चिनी माणसाला नागरिकत्वही नाकारले होते. हा कायदा 1943 पर्यंत टिकला. ज्या देशाने त्याला आपले मानले नाही, त्याच देशाच्या विद्यापीठात या माणसाने आपल्या भाषेसाठी जागा मागितली. पुढे मालकानेही मोठी रक्कम घातली. चीनच्या राजदरबाराने 5,044 खंडांचा एक ज्ञानकोश भेट पाठवला. डीन लंगच्या नावाचे प्राध्यापकपद आजही तिथे आहे.

जपानी विभागाची कहाणीही अशीच आहे. तो उभा करण्यात र्‍युसाकू त्सुनोदा या शिक्षकाचा मोठा वाटा होता. 1941 मध्ये त्यांच्या वर्गात एकच विद्यार्थी होता, डोनाल्ड कीन. तरीही त्सुनोदा त्या एकट्यासाठी पूर्ण तयारी करून येत. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपानी असल्यामुळे त्यांना ताब्यात घेण्यात आले. काही महिन्यांत सुटका झाल्यावर ते पुन्हा शिकवू लागले. त्यांचा तो विद्यार्थी पुढे जपानी साहित्याचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वर्गात मोजकीच मुले असली की मला त्सुनोदा आठवतात. संशयाच्या काळात भाषा लपवावीशी वाटते. या दोघांनी ती लपवली नाही, तर सर्वांना वाचता यावी म्हणून सार्वजनिक कपाटात नेऊन ठेवली. आपल्या गावच्या वाचनालयात आपल्या भाषेचे कपाट आहे का? नसेल तर पहिले पुस्तक कोण देणार?