विभाजन-सारणीचा लोप आणि शोध

चांदा जिल्ह्याच्या महसुली इतिहासाशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे, त्याला हे ठाऊक असते की दप्तरातील नकाशा वाळवीने खाल्ला म्हणून शिवारातील हद्दीचे दगड जागचे हलत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावे दाखल होऊ लागले तेव्हा निस्तारहक्कांच्या जुन्या नोंदींबरोबरच गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आले. नोंद वेगळी आणि नोंदलेली वस्तू वेगळी, हा भेद या मुलखात कोणास समजावून सांगावा लागत नाही. तो संगणकाच्या बाबतीतही तितकाच खरा आहे, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास ज्या प्रसंगाने आला, त्याची हकीकत येथे द्यावयाची आहे.

भामरागड व एटापल्ली या भागांत ध्वनिमुद्रित केलेल्या माडिया शब्दसूचींचा एक संग्रह जुन्या संगणकाच्या डिस्कवर ठेवलेला होता. मूळ कॅसेटी पावसाळ्यात बुरशीने गेल्या होत्या. कागदावर देवनागरीत उतरवून घेतलेल्या याद्या तेवढ्या शिल्लक होत्या. परंतु त्यांची योग्यता मर्यादित. गोंडीच्या बोलींत शब्दारंभीचा मूळ ‘स’ उत्तरेकडे व पश्चिमेकडे टिकला, दक्षिणेकडे व पूर्वेकडे त्याचा ‘ह’ झाला आणि काही ठिकाणी तो अजिबात लोपला. बोलींचे वर्गीकरण ज्या थोड्या लक्षणांवर उभे आहे त्यांतील हे एक प्रमुख होय. ऐकणाऱ्याच्या कानाला आधीच एखादे रूप परिचयाचे असले म्हणजे लेखणीतून तेच उतरते. म्हणून निर्णय करावयाचा तर ध्वनीच हवा. अशा स्थितीत एके दिवशी नवी प्रणाली बसविण्याचे काम चालू असताना वीज गेली, आणि त्यानंतर संगणकाला ती डिस्क कोरी दिसू लागली. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी डिस्क नव्याने फॉरमॅट करावी असे सुचविले. सुदैवाने तो सल्ला त्या दिवशी अमलात आला नाही.

डिस्क कोरी दिसते याचा अर्थ काय, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आय.बी.एम. कंपनीने १९८३ च्या मार्चमध्ये एक्स.टी. हा संगणक बाजारात आणला. त्यात दहा मेगाबाइटची स्थिर डिस्क होती. तिच्यासाठी सिद्ध झालेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत डिस्कचे अधिकांत अधिक चार भाग पाडण्याची सोय केली गेली. या वाटणीची नोंद पहिल्याच सेक्टरात असते. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यांतील पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीचे, पुढील ६४ सारणीचे, आणि अखेरचे दोन ओळखखुणेचे. म्हणजे प्रत्येक भागाच्या वाट्याला अवघे सोळा बाइट येतात. त्यांत भाग कोठून सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे व कोणत्या प्रकारचा आहे एवढेच सांगितलेले असते. या सारणीची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नसे. पुढे आलेल्या जी.पी.टी. पद्धतीत डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत ठेवण्याची व्यवस्था झाली. पण आमची डिस्क त्यापूर्वीच्या रिवाजाची होती.

हे वैगुण्य किती महाग पडू शकते हे १९९९ साली दिसून आले. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला सी.आय.एच. हा विषाणू २६ एप्रिल रोजी जागा झाला व त्याने असंख्य डिस्कांचा आरंभीचा सुमारे एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकला. सारणी तर गेलीच, पहिल्या भागाचे आद्य सेक्टरही गेले. तरीही पुढील भाग बहुधा शाबूत राहत, आणि त्यांतील मजकूर अनेकांनी परत मिळविला. कारण प्रत्येक भागाच्या तोंडाशी असलेल्या बूट सेक्टरात त्याचे स्वतःचे मोजमाप लिहिलेले असते. हेच ते शिवारातील दगड. फॅट ३२ पद्धतीत बूट सेक्टराची प्रत त्याच्यापासून सहाव्या सेक्टरात, तर एन.टी.एफ.एस. मध्ये भागाच्या अगदी शेवटी ठेवतात. क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच प्रोग्रामरने १९९८ पासून विकसित केलेली ‘टेस्टडिस्क’ ही विनामूल्य आज्ञावली अशाच खुणा धुंडाळून सारणी पुन्हा मांडते.

आम्ही प्रथम संपूर्ण डिस्कची सेक्टरवार नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली व मूळ डिस्क बाजूला ठेवली. हस्तलिखिताच्या मूळ प्रतीवर कोणी शाईने दुरुस्त्या करीत नाही. येथेही तोच नियम पाळावा. मग शोध सुरू झाला. जुन्या रिवाजाप्रमाणे पहिला भाग ६३ व्या सेक्टरापासून सुरू व्हावयास हवा, आणि तेथे फॅट ३२ चा बूट सेक्टर जसाच्या तसा आढळला. अडचण आली ती पुढे. दुसऱ्या भागाच्या जागी दोन बूट सेक्टर सापडले, आणि त्यांनी सांगितलेल्या हद्दी परस्परांवर चढत होत्या. त्यांतला एक कोणे एके काळी केलेल्या, नंतर मोडलेल्या वाटणीचा अवशेष होता. नव्या वाटणीने त्याची नोंद पुसली, त्याला पुसले नाही. पाठचिकित्सा करणाऱ्यास हा प्रकार नवा नाही. दोन पाठ समोर आले असता जो अधिक सुबक दिसतो तो खरा, असे मानता येत नाही. ज्याच्यापुढचा मजकूर लागतो तो घ्यावा लागतो. त्याप्रमाणे प्रत्येक बूट सेक्टरावरून मूळ निर्देशिका जेथे असावयास हवी ते स्थान काढून पाहिले. एका ठिकाणी निरर्थक बाइट मिळाले. दुसऱ्या ठिकाणी गावांच्या नावांच्या ओळखीच्या निर्देशिका ओळीने उभ्या होत्या. सारणीत सोळा बाइटांच्या दोन नोंदी लिहिल्या आणि काम झाले. काही ध्वनिमुद्रणे खराब सेक्टरांत सापडून गेली ती मात्र गेलीच.

याद्यांच्या फाइली उघडल्या तेव्हा अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसला, कारण त्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या होत्या. तो वेगळा विषय आहे, आणि कागदी प्रती हाताशी असल्याने त्यावाचून अडले नाही. ध्वनी ऐकता आला हे महत्त्वाचे. भामरागडकडील एका वृद्ध स्त्रीच्या मुद्रणात मिठाचा शब्द तीनदा उच्चारलेला आहे. कागदावरील यादीत त्याच्या आरंभी ‘स’ लिहिला होता. तिच्या तोंडी तीनही वेळा स्वच्छ ‘ह’ आहे. त्या यादीतील ‘स’ने आरंभ होणारे सर्व शब्द आता पुन्हा ऐकून तपासले जात आहेत.