रुग्णालयातील नोंदी : जतन व मागणीचा हक्क

रुग्ण बरा होऊन घरी परतला की केसपेपरचे काम संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः शस्त्रक्रियेचा तपशील, भुलीचे औषध, शरीरास न मानवलेले एखादे इंजेक्शन यांची नोंद पुढील उपचारकाळी अत्यंत मोलाची ठरते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जतन करणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही मुदत डिस्चार्जपासून नव्हे, तर उपचारारंभाच्या दिनांकापासून मोजली जाते. रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. अर्ज लेखी करून पोच अवश्य घ्यावी. गोपनीयतेची सबब रुग्णालाच सांगता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे.

मनोरुग्णांची बाब किंचित निराळी. धारवाडचे मनोरुग्णालय, म्हणजे आजचे डिमहान्स, १८४५ पासूनचे. त्यामुळे हा विषय आपल्या जुळ्या शहरांना परका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णांनाही स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला. मात्र रुग्णास गंभीर मानसिक हानी पोहोचेल अशी माहिती डॉक्टर राखून ठेवू शकतात. त्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते.

तीन वर्षांची मुदत आमच्या मते अपुरीच आहे. बालपणीच्या शस्त्रक्रियेचा कागद तारुण्यातही लागतो. तेव्हा डिस्चार्ज कार्ड व तपासणी अहवालांच्या छायाप्रती मुदतीतच मागून घरी जपून ठेवाव्यात.