अनामत रकमेची कायदेशीर मर्यादा : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

घर भाड्याने देताना घेतल्या जाणाऱ्या अनामत रकमेला कायद्याची मर्यादा आहे काय, हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी बदलून येणारे शिक्षक व कर्मचारी आणि शिक्षणासाठी खोली घेऊन राहणारे विद्यार्थी यांच्याशीही तो निगडित आहे. प्रस्तुत लेखात या मर्यादेचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

तीन प्रदेश, तीन कायदे :

१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेले कळमनुरी पूर्वी हैदराबाद राज्याचा भाग होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मात्र भाडेनियंत्रणासाठी येथे हैदराबादचा १९५४ चा कायदाच पुढे चालू राहिला. विदर्भात १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश, तर पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७ चा कायदा लागू होता. राज्य एक झाले, तरी भाडेकरूचे हक्क प्रदेशानुसार भिन्न राहिले.

बंदीकडून मुभेकडे :

मुंबई कायद्याच्या कलम १८ नुसार, काही अपवाद वगळता, प्रमाणित भाडे व अनुज्ञेय वाढ यांव्यतिरिक्त अधिमूल्य किंवा अनामत घेणे हा घरमालकासाठी गुन्हा होता. तथापि भाडे गोठलेले आणि घरांची टंचाई तीव्र, अशा स्थितीत ‘पागडी’ बंद झाली नाही. ती पावतीशिवाय दिली-घेतली जाऊ लागली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि तिन्ही जुने कायदे रद्द झाले. त्याच्या कलम ५६ ने अधिमूल्य व अनामत घेणे वैध ठरविले, परंतु कमाल मर्यादा घातली नाही. हा अधिनियम परिशिष्टांत नमूद क्षेत्रांना लागू होतो. त्याबाहेरील क्षेत्रासाठी असलेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातही अशी मर्यादा आढळत नाही. म्हणजेच पूर्ण बंदीनंतर थेट पूर्ण मुभा आली. मधला मार्ग अवलंबिला गेला नाही.

मर्यादेचा प्रस्ताव :

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या व अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल अनामत सुचविली आहे. परंतु हा विषय राज्यसूचीतील असल्याने राज्याने कायदा केल्याविना ती बंधनकारक ठरत नाही. लक्षणीय बाब अशी की, अनुज्ञप्ती करारावर मुद्रांक शुल्क आकारताना महाराष्ट्र शासन परताव्याच्या अनामतीवर १० टक्के दराने व्याज गृहीत धरते. अनामत ही घरमालकाला मिळणारी बिनव्याजी रक्कम आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

निष्कर्ष :

अव्यवहार्य बंदीमुळे व्यवहार अंधारात गेला, तर अमर्याद मुभेमुळे दुर्बल पक्षाची सौदाशक्ती क्षीण झाली. यास्तव मर्यादा आणि परताव्याची मुदत ही दोन्ही कायद्यात येणे इष्ट आहे. तोपर्यंत लेखी, नोंदणीकृत करार हेच भाडेकरूचे प्रमुख संरक्षण होय. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लहान गावांत तोंडी शब्दावर चालणाऱ्या व्यवहारांत या तरतुदीची जाणीव रुजणे अगत्याचे आहे.