आजोबांचं रिव्हॉल्व्हर

नवं हत्यार कुठलं घ्यावं, मुठीला शिसवी लाकूड लावावं का, अशा गप्पा वाशिमच्या आपल्या वाड्यातही रंगायच्या. त्यामागचा इतिहास मात्र परवान्याचा आहे. इंग्रजांच्या १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली. युरोपियनांना सूट होती. तो भेद पुढे गेला, परवाना १९५९च्या कायद्यातही राहिला. नळी आखूड करायची तरी परवाना हवा! १९८३ साली माणशी तीन हत्यारांची मर्यादा आली, २०१९ साली दोनांची, वारशाची धरून. काकांकडे दोन बंदुका आहेतच. म्हणजे आजोबांनी तेल देऊन जपलेलं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर त्यांना ठेवता येणार नाही. मला विचाराल तर भावंडांनीही नवा परवाना काढू नये, ते रीतसर जमा करावं. नळी साफ करायची सळई तेवढी मी मागून घेईन.