उमेदवार कोण ठरवतो? अमेरिकी प्रायमरीचा मागोवा

१७६३ सालच्या फेब्रुवारीत बॉस्टन परिसरातील एक तरुण वकील जॉन अ‍ॅडम्स यांनी आपल्या रोजनिशीत एक ऐकीव हकीकत टिपून ठेवली. 'कॉकस क्लब' नावाचे एक मंडळ टॉम डॉज नावाच्या गृहस्थांच्या घरी माळ्यावर जमते. तिथे तंबाखूचा धूर इतका कोंदतो की माळ्याचे एक टोक दुसऱ्या टोकावरून दिसत नाही. नगराचे कारभारी, कर आकारणारे, वसुली करणारे, आगीवर देखरेख ठेवणारे आणि प्रांतिक सभेतले प्रतिनिधी कोण व्हायचे हे आधी या माळ्यावर ठरते आणि नगरसभा त्यांना मागाहून निवडते. अ‍ॅडम्स पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या मागोव्याचा आरंभ मात्र त्यांच्या या तरुणपणीच्या नोंदीपासून करावा लागतो, कारण तिच्यात दोन निरनिराळे अधिकार स्वच्छ दिसतात. समोर असलेल्यांतून एकाला निवडण्याचा अधिकार हा पहिला, आणि समोर कोणी उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार हा दुसरा. पहिला अधिकार बॉस्टनमधल्या मताधिकारी पुरुषांना त्या काळीही होता. दुसरा सामान्य मतदाराच्या हाती यायला दीड-दोनशे वर्षे जावी लागली, आणि तो ज्या निवडणुकीत बजावला जातो तिलाच आज अमेरिकेत प्रायमरी म्हणतात.

१७८७ च्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे पक्षाने उमेदवार कसा ठरवावा याचाही नियम नव्हता. ती मोकळी जागा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सभासदांनी भरून काढली. १८०० पासून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार पक्षाच्या संसद सदस्यांच्या बैठकीत ठरू लागले. विरोधकांनी या पद्धतीला 'किंग कॉकस' असे नाव दिले. १८२४ च्या फेब्रुवारीत तिचा अंत जवळ आल्याचे दिसले. विल्यम क्रॉफर्ड यांना उमेदवारी देण्यासाठी बोलावलेल्या बैठकीला जेमतेम ६६ सदस्य आले, बाकीच्यांनी पाठ फिरवली, आणि प्रत्यक्ष निवडणुकीत क्रॉफर्ड तिसऱ्या क्रमांकावर गेले. या पद्धतीची जागा अधिवेशनांनी घेतली. १८३१ च्या सप्टेंबरमध्ये बाल्टिमोर शहरात पहिले राष्ट्रीय उमेदवारी अधिवेशन भरवण्याचा मान एका लहानशा, आज विस्मरणात गेलेल्या पक्षाकडे जातो. 'फ्रीमेसन' या बंधुमंडळाच्या गुप्ततेला विरोध करण्यासाठी निघालेला 'अँटी-मेसॉनिक' पक्ष तो. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने त्याच शहरात आपले अधिवेशन घेतले. ही रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. वॉर्डातले पक्षसमर्थक जमून काउंटीच्या अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवत, काउंटीचे प्रतिनिधी राज्याला आणि राज्याचे राष्ट्रीय अधिवेशनाला. यातली सर्वांत खालची, वॉर्डातली सभा हीच मूळची प्रायमरी. तिचा जन्म असा स्थानिक पातळीवर झाला, हे आपण पुढे जाताना ध्यानात ठेवू.

कागदावर लोकाभिमुख दिसणारी ही व्यवस्था खालच्या पायरीवरच पोखरली गेली. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या संघटनांच्या म्होरक्यांना एक गोष्ट लवकर कळली: वॉर्डाची सभा ताब्यात असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या आपोआप ताब्यात येतात. सभेची वेळ आपल्याच माणसांना कळवली जाई. पक्षाचा समर्थक कोण, याची भरवशाची यादी नसे. १८८४ च्या निवडणुकीआधी न्यूयॉर्क शहरात झालेल्या पक्षसभांपैकी निम्म्याहून अधिक सभा दारूच्या गुत्त्यांत भरल्या होत्या. मतपत्रिकाही पक्षच छापत आणि मतदाराच्या हातात देत. या अंधारात पहिली फट पाडली ती दूरच्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका सुधारणेने. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका सुरू केली होती. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा केला आणि पाहता पाहता बहुतेक राज्ये त्या मार्गाने गेली. मतपत्रिका सरकार छापणार म्हटल्यावर तिच्यावर कोणाची नावे घालायची हेही सरकारलाच ठरवणे भाग पडले. अमुक माणूस अमुक पक्षाचा अधिकृत उमेदवार, हे कोणत्या रीतीने सिद्ध व्हावे असा प्रश्न कायद्यासमोर उभा राहिला. पक्षाचा खासगी कारभार सार्वजनिक कायद्याच्या कक्षेत आला तो इथे.

उत्तर शोधणाऱ्या सुधारकांच्या हाताशी एक जुना नमुना होता. पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या क्रॉफर्ड काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाने १८४२ मध्येच प्रतिनिधींची पायरी वगळून पक्षसमर्थकांच्या थेट मतांनी उमेदवार ठरवायला सुरुवात केली होती. १८६० मध्ये तिथल्या रिपब्लिकनांनीही तीच रीत उचलली, आणि 'क्रॉफर्ड काउंटी पद्धत' या नावाने ती आसपास पसरली. कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना एका ग्रामीण काउंटीने शोधलेली ही वाट होती. मोठ्या शहरातला पहिला ठळक प्रयोग मिनियापोलिसमध्ये झाला. मिनेसोटाच्या विधिमंडळाने १८९९ मध्ये त्या शहराच्या हेनेपिन काउंटीपुरता थेट प्रायमरीचा कायदा केला आणि १९०० मध्ये तो अमलात आला. त्याचा पहिला लाभार्थी ठरला डॉ. अल्बर्ट एम्स. पूर्वी डेमोक्रॅट म्हणून महापौर झालेले हे गृहस्थ या वेळी रिपब्लिकन प्रायमरीत उतरले, विरोधी पक्षाच्या मतदारांची मते मिळवून उमेदवारी जिंकले आणि महापौर झाले. भावाला त्यांनी पोलीसप्रमुख केले, आणि जुगार व हप्तेबाजीने शहर पोखरले. पत्रकार लिंकन स्टेफन्स यांच्या १९०३ मधल्या लेखाने ती कहाणी देशभर गाजली. कायदा दार उघडून देतो, राखण मतदारालाच करावी लागते, हा धडा प्रायमरीच्या जन्माबरोबरच मिळाला.

राज्यभर दार उघडण्याचे श्रेय विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांना दिले जाते. १८९६ आणि १८९८ अशा दोन अधिवेशनांत गव्हर्नरपदाची उमेदवारी त्यांच्या हातून निसटली. प्रतिनिधी फोडले गेले अशी त्यांची ठाम धारणा होती. १९०० मध्ये ते निवडून आले, १९०३ मध्ये त्यांनी प्रायमरीचा कायदा संमत करून घेतला, १९०४ मध्ये जनतेने सार्वमताने त्याला मान्यता दिली आणि १९०६ मध्ये पहिली राज्यव्यापी प्रायमरी झाली. तिच्यात ला फॉलेट यांच्याच पसंतीचे उमेदवार अर्व्हिन लेनरूट हरले आणि जेम्स डेव्हिडसन जिंकले. कायद्याच्या जनकाचीही इच्छा मतदारांनी मोडून काढली. ती पद्धत खरी असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? पुढच्या दशकभरात बहुतेक राज्यांनी कोणत्या ना कोणत्या रूपात प्रायमरी स्वीकारली.

आता आपण दक्षिणेकडे वळू, कारण या अधिकाराचे मोल तिथल्या इतिहासाइतके स्पष्ट इतरत्र कुठेच दिसत नाही. दक्षिणेत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षच निवडून येई, म्हणजे खरी निवडणूक प्रायमरीतच संपत असे. म्हणूनच १९१७ मध्ये आर्कान्सासने आणि १९१८ मध्ये टेक्ससने स्त्रियांना आधी प्रायमरीत मताधिकार दिला, तेव्हा त्यांना सत्तेची खरी किल्ली मिळाली. देशभरच्या स्त्रीमताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० ची. टेक्ससमध्ये अवघ्या १७ दिवसांत सुमारे ३ लाख ८६ हजार स्त्रियांनी नोंदणी केली आणि त्याच वर्षी अ‍ॅनी वेब ब्लँटन राज्याच्या शिक्षणप्रमुख म्हणून निवडून आल्या. मात्र याच टेक्ससने १९२३ मध्ये कायदा करून कृष्णवर्णीयांना डेमोक्रॅटिक प्रायमरीतून वगळले. नोव्हेंबरमध्ये मत द्या, पण उमेदवार आम्ही ठरवू, असा तो डाव होता. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन यांना १९२४ च्या जुलैत मतदान केंद्रावरून परत पाठवले गेले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२७ मध्ये जिंकले. मग राज्याने प्रायमरीत मत कोणी द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या समितीकडे सोपवला. निक्सन पुन्हा लढले आणि १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. मग पक्षाच्या अधिवेशनाने कृष्णवर्णीयांना वगळण्याचा ठराव केला, आणि १९३५ मध्ये न्यायालयाने तो चालू दिला. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला वकील थर्गुड मार्शल यांनी लढवला आणि ३ एप्रिल १९४४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने 'गोऱ्यांची प्रायमरी' घटनाबाह्य ठरली. त्या जुलैत डॉ. निक्सन यांनी एल पासोमध्ये मत दिले. मधे वीस वर्षे गेली होती. तरीही फोर्ट बेंड काउंटीत १८८९ पासून चालत आलेली 'जेबर्ड' नावाची केवळ गोऱ्यांची संघटना प्रायमरीच्याही आधी आपली निवडणूक उरकून घेत होती. ती पळवाट १९५३ मध्ये बुजवली गेली.

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीची कथा सर्वपरिचित आहे. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, शिकागोच्या अधिवेशनात संताप उसळला आणि १९७२ पासून उमेदवारीचे नियम पालटले. स्थानिक प्रायमरीतली लढाई त्या मानाने शांत आहे, पण संपलेली नाही. न्यू जर्सीत काल-परवापर्यंत काउंटीच्या पक्षसमितीने पुरस्कृत केलेली नावे मतपत्रिकेवर एका ओळीत छापली जात आणि उरलेले उमेदवार कडेला विखुरले जात. सिनेटचे उमेदवार अँडी किम यांच्या दाव्यावरून मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत या 'लाइन'ला मनाई केली, आणि २०२५ मध्ये नव्या कायद्याने मतपत्रिकेची रचनाच बदलली. एडिसन आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांच्या दारातला हा इतिहास आहे.

आजच्या काळात एका मताचे वजन किती, हे दोन प्रसंगांवरून दिसते. २०२१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत पसंतीक्रमाने मते देण्याची पद्धत प्रथमच वापरली गेली. शेवटच्या फेरीत एरिक अ‍ॅडम्स हे कॅथरिन गार्सिया यांच्यापुढे सुमारे ७ हजार २०० मतांनी राहिले. ऐंशी लाखांहून अधिक वस्तीच्या शहराचा महापौर कोण, हे जवळजवळ तिथेच ठरले. दुसरा प्रसंग आपल्या भाषेच्या घरातला. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट परिसरातून काँग्रेससाठी झालेल्या गर्दीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे २८ टक्के मते त्यांना पुरली. मतदारसंघ त्या पक्षाचा हुकमी, त्यामुळे नोव्हेंबरचा विजय सोपा होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला फरक चटकन कळेल. महापालिका असो वा विधानसभा, आपल्याकडे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत पक्षाची उमेदवारी देणारा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडणार याची वाट पाहिली जाते आणि तो निर्णय पक्षश्रेष्ठींचा असतो. २०१४ च्या लोकसभेसाठी काँग्रेस पक्षाने वर्धा आणि लातूरसह मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेऊन पाहिली, पण मतदार होते पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोग पुढे रुजला नाही. क्रॉफर्ड काउंटीने जी पायरी १८४२ मध्ये ओलांडली ती आपल्याकडे अजून समोर उभी आहे.

अमेरिकेत स्थायिक होऊन नागरिक झालेल्या मराठी माणसाला मात्र हा अधिकार विनासायास मिळाला आहे, तेव्हा तो कसा बजावायचा तेही पाहू. पहिले काम मतदार नोंदणीचे. न्यू जर्सीत ती निवडणुकीच्या २१ दिवस आधी झालेली असावी लागते. दुसरे काम आपल्या राज्यातली प्रायमरी कोणत्या जातीची आहे ते जाणून घेण्याचे. न्यूयॉर्कमध्ये पक्षात नोंद असलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत असते आणि पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीपर्यंत बदलावा लागतो. न्यू जर्सीत कोणत्याही पक्षात नोंद नसलेला मतदार त्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगू शकतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचे तर मुदत ५५ दिवस आधी संपते. टेक्ससमध्ये पक्षनोंदणीच नाही. मात्र एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिले की त्याच निवडणुकीतल्या दुसऱ्या पक्षाच्या रनऑफमध्ये, म्हणजे कोणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या फेरमतदानात, मत देता येत नाही. कॅलिफोर्नियात २०१० च्या सार्वमतानंतर राज्यपातळीवरच्या बहुतेक पदांसाठी सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात जातात. नियम बदलत राहतात, म्हणून काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून दरवेळी खात्री करून घ्यावी आणि नमुना मतपत्रिका मागवून घरी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. त्या शेवटच्या ओळींत नगरपरिषद, काउंटीचे आयुक्त, शेरीफ, पक्षसमितीचे सदस्य असतात. रस्ते, मालमत्ता कर, पोलीस आणि घरांचे नियम ठरवणारी माणसे हीच.

प्रायमरीला नोव्हेंबरच्या मानाने फारच थोडे लोक जातात. तो दिवस बहुधा सुट्टीचा नसतो, प्रचाराचा गाजावाजा कमी असतो आणि यादीतली नावे अनोळखी असतात. नेमक्या याच परिस्थितीवर जुन्या म्होरक्यांचे राज्य उभे होते. सभेची जागा लपवण्याची आज गरज उरलेली नाही, लोक आले नाहीत तर तोच परिणाम साधतो. मतदाराने न वापरलेला उमेदवार ठरवण्याचा अधिकार नाहीसा होत नाही, तो जमलेल्या मूठभरांकडे परत जातो. या अधिकारासाठी डॉ. निक्सन दोनदा सर्वोच्च न्यायालयात लढले, टेक्ससच्या स्त्रियांनी १७ दिवसांत नोंदणीची रांग लावली, आणि एका काउंटीने कोणी न सांगता नवी रीत घालून दिली. आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने अगदी लहान आहे: पुढच्या प्रायमरीची तारीख शोधणे, नावांची माहिती काढणे आणि जाऊन मत देणे. ते टाळायला सबळ कारण मला तरी सापडत नाही.